डाव्या हाताची रील

दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागं बघायचं. मागं कोणी नाही असं दिसलं की विचारायचं, "मालक कुठायत?"

"बोला ना, काय हवंय?"

"नाही, जरा रीलचं विचारायचं होतं. मालक असताना येतो."

मिरजेत कृष्णाघाटाच्या वाटेवर आमचं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. गळ, तंगूस, शिसाच्या गोळ्या, काठ्या आणि रील. मालक म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पण ते असतानाही रील खोलायची, धुवायची, ग्रीस लावून पुन्हा बसवायची हे काम माझंच. माझ्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळं स्क्रू, स्प्रिंग आणि दातेरी चाकं यांच्यात मी वाढले. लग्न होऊन आले तेव्हा यजमानांनी कौतुकानं आपली रील हातात दिली. मी ती फिरवून बघितली आणि म्हटलं, "हे तर बॉबिन भरायचं यंत्र आहे." ते दुखावले होते. पण त्यात फारसं चूक नव्हतं.

ज्यांनी कधी गळ टाकला नाही त्यांच्यासाठी सांगते. स्पिनिंग रील काठीच्या खाली लटकते. तिच्या पुढच्या टोकाला रीळ असतं, त्यावर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला. रिळावरून एक तारेची कमान जाते. कमान उघडली की तंगूस मोकळा सुटतो आणि गळ लांब जातो. हँडल फिरवलं की कमान बंद होऊन तंगूस परत गुंडाळायला लागते. आणि सगळ्यात पुढं एक चकती असते, तिला ड्रॅग म्हणतात. मासा जोरानं पळाला तर रिळानं किती सहज सुटायचं ते ही चकती ठरवते. शिलाई मशीनचं टेन्शन असतं ना, तेच. जास्त आवळलं की दोरा तुटतो, ढिलं सोडलं की टाका बसत नाही.

आता रील निवडायची कशी? अगदी स्वस्त रील मी ठेवते, पण गिऱ्हाइकाला खरं सांगून विकते. तिच्या कमानीवरची छोटी चाकी फिरत नाही, तंगूस एकाच जागी घासून झिजतो, आणि मोठा मासा लागला की नेमका तिथंच तुटतो. खूप महागडी रील पिसासारखी हलकी असते, आवाज म्हणून करत नाही, पण आमच्याकडचा माणूस ती चिखलात ठेवणार, वाळूत टेकवणार, तिच्यावर चहा सांडणार. कृष्णेतल्या, तलावातल्या रोहू-कटल्यासाठी मधल्या दराची रील पुरते. फक्त ती हातात घेऊन बघावी लागते. हँडल धरून हलवायचं, खडखडतंय का बघायचं. कमान उघडझाप करायची. आणि तंगूस हातानं ओढायचा. ड्रॅगनं तो सलग सोडला पाहिजे, धक्के देत नाही.

मध्यंतरी एक इंजिनिअर पोरगा मोबाइलवर दहा व्हिडिओ बघून आला होता. "काकू, बेअरिंग किती आहेत?" मी म्हटलं, "बेअरिंग मोजण्यापेक्षा फिरवून बघ." त्यानं फिरवली, आणि तरी जास्त बेअरिंगवालीच घेतली. अजून ती झकास चालते त्याची. तेव्हा माझंच सगळं खरं, असं मी म्हणत नाही. पण ज्या रीलबद्दल लिहायला बसले आहे, ती व्हिडिओ बघून निवडता आली नसती.

दुपारची वेळ होती. नऊवारी नेसलेल्या एक बाई दुकानाच्या पायरीशी आल्या आणि बाहेरूनच आतल्या काठ्या न्याहाळायला लागल्या. हातात स्टीलचा डबा. आमच्या मागच्या गल्लीत दवाखाने आहेत, त्यामुळं असा डबा दिसला की आम्हाला कळतं, ह्यांचं कोणीतरी ॲडमिट आहे.

"या ना आत," मी म्हटलं.

"ती चकरी असती का हो, मासं धरायची? काठीला लावत्यात ती?"

"रील. आहे की. कुणासाठी?"

"आमच्या ह्यांच्यासाठी. सगळ्यात भारी दावा."

त्यांचं नाव शालन. माण तालुक्यातल्या, दहिवडीच्या पुढच्या एका गावच्या. नवरा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. डोंगराळ भागात पोस्टिंग असताना नदीकाठी गळ टाकायला शिकला होता, आणि गावी आल्यावर, तलावात उपसा योजनेचं पाणी पडायला लागल्यापासून, रोज सकाळी काठी घेऊन काठावर. मग एक दिवस अंघोळीला बसले असताना उजवी बाजूच गेली. तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. जीव वाचला. पण आता ते भिंतीकडं तोंड करून पडून असत.

"डॉक्टर म्हंत्यात, हात हलवा, पाय हलवा. हे न्हाईच हलवत. पोरगी येती व्यायाम घ्यायला, तिच्याकडं बगत बी न्हाईत," शालनताई म्हणाल्या. "म्हणलं, चकरी हातात दिली तर फिरवतील तरी."

"जुनी रील आहे ना घरी?"

"हाय की. पण तिची मूठ उजव्या हाताची."

आता हे मला त्यांना सांगावं लागलं की स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं. पण जुनी रील म्हणे ते आजारी पडल्यापासून ओल्यात राहून गंजली होती. मी फळीकडं वळले आणि थांबले.

"ताई, मी अशी विकणार नाही. त्यांचा हात बघितल्याशिवाय कशी देऊ?"

त्यांना राग आला. "म्हंजी? तुमाला इकायचं न्हाई व्हय?"

"विकायचंय. म्हणून तर म्हणते. चला, मी येते दवाखान्यात."

सूनबाईला दुकानात बसवलं आणि कापडी पिशवीत तीन रील घेऊन निघाले. एक स्वस्तातली, एक मधली, एक भारी. तिन्हींवर तंगूस भरलेला होता. दवाखान्याच्या दारात वॉचमननं पिशवीत काय आहे विचारलं. मी रील दाखवली. तो म्हणाला, "पेशंटला मासे धरायला लावताय काय?" आणि हसत आत सोडलं.

सुभेदार खरंच भिंतीकडं तोंड करून झोपले होते. रुंद पाठ, पांढरे बारीक कापलेले केस. शालनताई म्हणाल्या, "आवं, बगा कोण आलंय." काहीच हालचाल नाही. व्यायाम घेणारी मुलगी पलंगापाशी उभी होती. तिनं मला खुणेनंच सांगितलं की उपयोग नाही.

मी त्यांच्याशी काय बोलणार? ना ओळख, ना पाळख. स्टुलावर बसले, स्वस्तातली रील काढली, फिरवली. खरखर आवाज झाला. नंतर भारी फिरवली, तिचा आवाजच नाही. पाठ तशीच. मग मधली हातात घेतली आणि, का ते माहीत नाही, तिचं हँडल न फिरवता तंगूस चिमटीत धरून सरळ ओढला. जोरात. ड्रॅगची टिर्रर्र अशी लांब किणकिण खोलीभर झाली.

हा आवाज ज्यानं काठावर ऐकलाय त्याला तो विसरता येत नाही. मासा लागून पळाला म्हणजेच तो वाजतो. एरवी नाही.

सुभेदारांची मान वळली. नुसती मान. डोळे माझ्या हातावर. मी पुन्हा ओढला. मग त्यांनी अंग वळवायला सुरुवात केली. शालनताई आधाराला पुढं झाल्या तर डाव्या हातानं त्यांना बाजूला केलं. बराच वेळ लागला, पण ते स्वतःचे स्वतः कुशीवर वळले आणि डावा हात पुढं केला.

शालनताई डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावत बसल्या. त्या डब्यात काही नव्हतं.

पुढचा अर्धा तास दुकानच चाललं त्या खोलीत. हँडल डावीकडं बसवून मी एकेक रील त्यांच्यापुढं धरली. भारी रीलचं हँडल बारीक, मुठीचं बटण चपटं. त्यांच्या हाताची सवय उजव्याची, डाव्या बोटांना ते नीट सापडेना. स्वस्तातलीचं हँडल सांध्यात डुगडुगत होतं. मधलीला गोल, लिंबाएवढी मूठ होती. ती त्यांच्या तळहातात बरोबर बसली. ड्रॅगची चकती अंगठ्याला पोचते का, तेही बघितलं. पोचत होती. त्यांनी ती आवळली, सैल केली, तंगूस दातात धरून ओढला आणि आवाज ऐकला. मग रील छातीवर ठेवून डोळे मिटले.

"हीच का?" मी विचारलं.

त्यांच्या घशातून काहीतरी आलं. शब्द कळला नाही, पण शालनताई म्हणाल्या, "व्हय म्हंत्यात."

त्यानंतर ते व्यायामाला तयार झाले असं मला त्या मुलीनंच नंतर दुकानात येऊन सांगितलं. काही दिवसांनी त्यांना घरी सोडलं. आपलं काम झालं असं मी धरून चालले होते.

पावसाळा सरला आणि एक दिवस शालनताईंचा फोन आला. आवाज चिडलेला.

"ताई, तुमची चकरी परत न्या."

"का? काय झालं?"

झालं होतं ते असं. सुभेदार काठीच्या आधारानं चालायला लागल्यावर तलावावर गेले. गावातली चार माणसं कौतुकानं बघायला जमली. सुभेदारांनी रॉड, म्हणजे गळाची काठी, गुडघ्यांत धरून डाव्या हातानं गळ टाकायचा प्रयत्न केला. तंगसाची वेटोळी रिळावरून एकदम उसळून आली, सगळा गुंता झाला, रॉड हातातून निसटून चिखलात पडला आणि सोबत तेही. उचलायला आलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "सुभेदार, आता बसा गड्या घरी. लय केलं तुमी." त्या दिवसापासून ते पुन्हा भिंतीकडं तोंड करून.

"त्यापेक्षा आदी काईच दावलं नसतं तर बरं झालं असतं," शालनताई म्हणाल्या.

हे माझ्या मनाला फार लागलं. रील मी निवडली होती, पण ती वापरणाऱ्याचा दुसरा हात विसरले होते. रॉड धरणार कोण, हा विचार दवाखान्यातल्या त्या आनंदात कोणालाच सुचला नव्हता.

आमच्या शेजारी रसूलचाचांचं तंबोऱ्याचं दुकान. उभा जन्म त्यांचा लाकडात गेला. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तंबोरा मांडीवर नीट बसायला त्याला बूड लागतं. तुझ्या काठीला बूड कुठाय?" दांडीसाठी आणलेल्या लाकडाचा एक तुकडा त्यांनी घेतला, तो पोखरून वाटीसारखा केला, आतून चामडं लावलं आणि कमरेला बांधायला रुंद पट्टा जोडला. रॉडचं मागचं टोक त्या वाटीत बसायचं. शिवाय मनगटासाठी वेगळी पट्टी दिली. उजव्या हाताला बोटं वळत नसली तरी कोपरापासून तो थोडा उचलता येत होता. त्यावर रॉड आडवा टेकवून पट्टीनं बांधला की डावा हात हँडल फिरवायला मोकळा. दुकानात आम्ही ते माझ्यावरच बांधून बघितलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

मी एसटीनं गेले. विट्याच्या पुढं ऊस संपतो आणि माळ सुरू होतो. शालनताई स्टँडवर न्यायला आल्या होत्या. घरी सुभेदार ओसरीवर खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांनी मान फिरवली. मी रागावलेल्या गिऱ्हाइकासमोर पुष्कळदा बसले आहे, पण न बोलणाऱ्या गिऱ्हाइकासमोर बसणं अवघड.

आधी रील मागवून बघितली. तेव्हा गोम कळली. गावातल्या कोणीतरी मदत म्हणून माझा बारीक तंगूस काढून जाडजूड तंगूस भरला होता, तोही रिळाच्या काठाच्या वरपर्यंत. मोठा मासा लागावा म्हणून. जाड तंगूस ताठ असतो, लहान रिळावर तो नांदत नाही, कमान उघडली की स्प्रिंगसारखा उसळतो. मी सगळा उतरवला आणि पिशवीतला बारीक तंगूस काठाच्या जरा खालपर्यंत भरला. सुभेदार तिरक्या नजरेनं बघत होते.

"साहेब, चूक तंगसाची होती," मी म्हटलं. "तुमची नव्हती."

त्यांनी नजर अंगणाकडं वळवली. पण शालनताईंनी पायात चप्पल घातली, रॉड उचलला आणि म्हणाल्या, "चला. ह्यांना यायचं तर येतील."

ते आले. मागून, काठी टेकत. तलावाच्या काठावर बाभळीच्या सावलीत दगडावर बसले. मी कमरेचा पट्टा पुढं केला, तर हातानं नको म्हणाले. परत एकदा लोकांपुढं पडायचं नव्हतं त्यांना. खरं तर तिथं त्या वेळी आम्ही दोघी आणि पलीकडं चरणारी मेंढरं, एवढंच होतं.

शालनताईंनी रॉड बाभळीला टेकवला. मग नऊवारीचा ओचा खोचला.

"मग बसा तितंच. मी टाकते."

त्यांनी आयुष्यात रॉड धरला नव्हता. कणकेचा गोळा गळाला लावला, रॉड लाटण्यासारखा दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला. गळ मागं बाभळीत. मी सोडवून आणला. दुसऱ्यांदा कमान उघडायचीच राहिली, गळ पायाशीच आपटला. तिसऱ्यांदा तंगूस आधीच सुटला आणि कणीक आकाशात. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बोट!"

आम्ही दोघींनी मागं बघितलं. सुभेदार उठून उभे होते.

"बोट!" पुन्हा. परेडवर देतात तसा हुकूम. शालनताई गोंधळून स्वतःच्या बोटांकडं बघायला लागल्या.

"काय बोट? कंचं बोट?"

ते खुरडत पुढं आले. डाव्या हातानं बायकोची तर्जनी धरली, तिच्यावर तंगूस अडकवला, कमान उघडली. मग तिच्या मनगटाला धरून रॉड मागं नेला. "आता… सोड!"

तिनं सोडला. गळ पाण्यावरून लांब गेला आणि टप्पकन बुडाला. शालनताईंनी तोंडावर हात नेला आणि हसत सुटल्या. इतक्या हसल्या की रॉड माझ्या हातात द्यावा लागला. आणि सुभेदारांनी आपण होऊन माझ्यापुढं कमर केली. पट्टा बांध म्हणून.

मी पट्टा बांधला, रॉड वाटीत बसवला, उजव्या मनगटाला पट्टी आवळली. टाकायचं शालनताईंनी, ओढायचं त्यांनी, असं आपोआपच ठरलं. मग पाण्याकडं बघत बसणं. मासेमारीत मुख्य तेच असतं. मी बाजूला दगडावर बसले. यजमान रविवारी घाटावर जाताना मला बरेचदा म्हणायचे, "चल की आज." दुकान टाकून कशी येऊ, असं मी म्हणायची, आणि तेही पुन्हा आग्रह करायचे नाहीत. त्यांच्या सगळ्या रीलचा प्रत्येक स्क्रू मला माहीत होता. काठावर त्यांच्या शेजारी बसून काय वाटलं असतं, ते मात्र कळायचं राहून गेलं.

ऊन कलायला लागलं आणि रॉडचं टोक एकदा लवलं, दुसऱ्यांदा लवलं आणि मग खालीच गेलं. टिर्रर्र.

सुभेदारांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. वाकडं तोंड घट्ट मिटलेलं, डोळे पाण्यावर. मासा पळत होता तेव्हा त्यांनी हँडलला हात लावला नाही, पळू दिला. थांबला की फिरवायचे. पुन्हा पळाला की हात काढून घ्यायचे. एकदा तोल गेला तसे शालनताईंनी मागून त्यांच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "मी हाय. तुमी वडा." रील कुरकुरली नाही, तंगूस तुटला नाही. शेवटी काठालगत तांबूस खवल्यांचा रोहू वर आला. जाळी कोणीच आणली नव्हती. मी चप्पल काढून गुडघाभर पाण्यात उतरले आणि शालनताईंच्या टॉवेलात तो गुंडाळून आणला. माझं लुगडं चिखलानं भरलं. दुकानदारीच्या इतक्या वर्षांत मी हाताळलेला तो पहिला जिवंत मासा.

सुभेदार धापा टाकत होते. माशाकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं आणि एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "शा… ल… न."

आजारी पडल्यापासून त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. तिनं वाकून त्यांच्या पायाला लागलेला चिखल पदरानं पुसला.

उजवा हात काही परत आला नाही. डॉक्टरांनी तशी आशाही दिली नव्हती. बोलणं थोडं सुधारलं, पण मोठं वाक्य अजून जमत नाही. दिवाळीच्या आधी दोघं तपासणीला मिरजेला आले, तेव्हा दुकानात आले. मला वाटलं रीलला ग्रीस लावायचं असेल. सुभेदारांनी पत्नीकडं बोट दाखवलं. "हिला… येक."

"मला कशाला? येक हाय ती बास की," शालनताई लाजल्या.

पण ते ऐकेनात. मला काही निवडूच दिली नाही. फळीवरची एकेक रील मला काढायला लावली, प्रत्येकीचा तंगूस स्वतः ओढून आवाज ऐकला, बायकोच्या बोटांना हँडल पुरतंय का ते बघितलं आणि एका रीलवर हात ठेवला. मी निवडली असती तीच. सूनबाईनं चहा मागवला. रसूलचाचाही आले आणि आपली लाकडी वाटी झिजली का ते उलटसुलट करून बघून गेले.

आता त्या गावात सकाळी तलावावर नवरा-बायको दोन रॉड लावून बसतात. गावातल्या बायका आधी हसल्या, आता त्यातल्या दोघी शालनताईंच्या शेजारी बसायला यायला लागल्या आहेत. मला फोन शालनताईच करतात. कोणता मासा लागला, कणकेत काय घातलं, तंगूस कुठं झिजला. बोलून झालं की म्हणतात, "थांबा, ह्यांच्याकडं देते."

मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो. मी घाई करत नाही. परवा असंच थांबले होते. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. मग सुभेदार सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसे म्हणाले, "आज… हिचा… माझ्यापेक्षा… मोठा."

आणि मागं कुठंतरी शालनताई मोठ्यांदा हसत होत्या.